कोकणात बाइकवर फिरायला जॅकेट, हेल्मेट, बूट, रेनसूट: काय घ्यावं, काय टाळावं?

कातळवाट

नमस्कार मंडळी. रायडिंग गियरबद्दल जी माहिती सापडते ती बहुतेक लडाखला जाणाऱ्यांसाठी, नाहीतर हायवेवर सरळ शंभरने जाणाऱ्यांसाठी असते. कोकणाचं गणित वेगळं. मे महिन्यात घामाच्या धारा, जूनपासून चार महिने पाऊस, बारा महिने खारा वारा आणि रस्ता सगळा वळणांचा.

बेत असा: रेवस ते रेड्डी सागरी मार्गाने, मधल्या जंगलजेट्ट्यांसकट (खाडीपलीकडे गाड्या नेणाऱ्या बोटी), दोघं एका गाडीवर. नवरा-बायको. गाडी १६० सीसीची, ट्यूबलेस टायर. एक फेरी नोव्हेंबरात आणि त्याच गियरवर जुलैत आंबोली. दोघांचं मिळून बजेट ४५ हजार.

मेश म्हणजे जाळीदार जॅकेट घ्यावं की वॉटरप्रूफ? हेल्मेट आयएसआयचं पुरतं की युरोपच्या ईसीई मानकाचंच हवं? पावसात गमबूट चालतील का? मागे बसणारीसाठी वेगळं काय बघावं? आणि सामान कशावर, कसं बांधावं? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

भरतीओहोटी

हेल्मेटपासून सुरुवात करू. बाकी सगळं टप्प्याटप्प्याने घेता येतं, हे नाही.

आयएसआय म्हणजे आयएस ४१५१ हे मानक. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट या चिन्हाशिवाय भारतात विकता येत नाही. त्यामुळे 'हे की ते' असा प्रश्न नाही. आयएसआय हवंच, त्यावर ईसीई असेल तर चांगलं. ईसीईच्या दोन आवृत्त्या बाजारात दिसतात, २२.०५ आणि २२.०६. हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेलं लेबल बघा: वर्तुळात इंग्रजी ई आणि देशाचा आकडा, शेजारी मंजुरीचा क्रमांक. तो ०६ ने सुरू होत असेल तर नवी आवृत्ती. नव्या आवृत्तीत कमी आणि जास्त अशा दोन्ही वेगांचे आघात तपासतात, शिवाय तिरका आघातही, ज्यात डोकं आपटता आपटता गरकन फिरतं. वळणावर घसरून पडणाऱ्याचं डोकं बहुतेक वेळा तिरकंच आपटतं. म्हणून आपल्या रस्त्यांसाठी २२.०६ ला दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

पण मापात न बसणारं ईसीई हेल्मेट हे मापात बसणाऱ्या साध्या आयएसआय हेल्मेटपेक्षा वाईट. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटरवरून, मागे डोक्याच्या सर्वात फुगीर भागावरून टेप फिरवा. दोन मापांच्या मधे आलात तर आधी लहान माप घालून बघा, कारण गालाचे पॅड वापरून सैल होतात. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. बोलताना आतून गाल चावला जातोय असं वाटलं तर ते नव्या हेल्मेटला ठीक आहे. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर मात्र मोठं माप घेऊन उपयोग नाही, त्या कंपनीच्या साच्याचा आकारच तुमच्या डोक्याचा नाही. दुकानात १५-२० मिनिटं घालून ठेवा. मग पट्टा आवळा, मागच्या कडेला बोटं घालून हेल्मेट पुढे-वर ढकला. निघून येत असेल तर ते तिथेच ठेवा.

पट्ट्याला दोन कड्यांचं बक्कल सगळ्यात भरवशाचं. खटक्याचं बक्कल सोपं असतं, पण पट्टा हळूहळू सैल होत जातो आणि लक्षात येत नाही. ते घेतलंत तर महिन्याकाठी पट्टा पुन्हा बसवून घ्या.

सड्यावरचा

वरच्या प्रतिसादाला जोड. कोकणासाठी हेल्मेट घेताना काचेला पिनलॉकचे दोन खुंट आहेत का ते आधी बघा. पावसात काच बंद ठेवली की श्वासाने आतून धुकं धरतं, एक खाच उघडली की थेंब आत येतात. पिनलॉक म्हणजे काचेच्या आत बसणारी दुसरी पातळ काच. मधे हवेचा थर अडकतो आणि आतला पृष्ठभाग गार पडत नाही. कडेची सिलिकॉनची रेघ काचेला सगळीकडून टेकलेली हवी. एका कोपऱ्यात फट राहिली तर दोन काचांच्या मधेच बाष्प धरतं आणि ते पुसताही येत नाही. खुंट फिरवून ताण वाढवला की फट मिटते. पिनलॉक कोरड्या फडक्याने घासू नका, चरे पडतात. ओलं मऊ फडकं टेकवायचं, वाळू द्यायचं.

काळी काच घेऊ नका. सागरी मार्गाने दक्षिणेला जाताना मावळतीचं ऊन उजवीकडून डोळ्यांत येतं हे खरं, पण अर्ध्या तासात अंधार पडतो आणि रस्त्यावर गुरं बसलेली असतात. आतून खाली येणारा सन व्हायझर असलेलं हेल्मेट घ्या, किंवा साध्या काचेखाली गॉगल.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाही. पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकचं कवच आणि काच पेट्रोल, थिनर आणि डीईईटी असलेला डासांचा स्प्रे यांनी खराब होतात. संध्याकाळी किनाऱ्यावर हाताला स्प्रे लावून त्याच हाताने काच पुसली की ती कायमची धुरकट. हेल्मेट आरशावरही टांगू नका. आतला थर्माकोलसारखा थर आरशाच्या टोकाने दबतो, आणि दबलेला थर पुन्हा फुगत नाही.

दर्यावर्दी_६६

जॅकेट: मेश. यावर फार विचार करू नका.

कारण असं. किनाऱ्यावर मे महिन्यातलं दुपारचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. विदर्भ-मराठवाड्यासारखं ४२-४४ नाही, पण हवेत दमटपणा इतका की घाम सुकत नाही. अंगाला थंडावा घाम सुकण्यातून मिळतो, आणि तो सुकवायला वारा सतत अंगावरून जावा लागतो. छातीवर दोन झिपांचे झरोके असलेलं जाड जॅकेट गाडी चालू असेपर्यंत ठीक. जेट्टीवर वीस मिनिटं थांबलात की ते काढावंसं वाटतं, आणि काढलेलं जॅकेट सीटवर पडून राहतं. कोकणात गियरची पहिली परीक्षा हीच: मे महिन्यात दुपारी दोन वाजता ते पूर्ण झिप लावून अंगावर राहतं का? राहत नसेल तर त्याचे बाकी गुण कागदावरच.

भिजवून घालायचा जो 'कूलिंग व्हेस्ट' मिळतो तो इथे घेऊ नका. कोरड्या हवेत छान चालतो. दमट हवेत पाणीच उडत नाही, त्यामुळे अंगावर नुसतं ओलं ओझं.

मेशमध्ये बघायचं ते हे. पडल्यावर घासली जाणारी जागा, म्हणजे खांदे, कोपर, हाताची बाहेरची बाजू, इथे मेश नको. तिथे ५०० किंवा ६०० डेनियरचं (धाग्याच्या जाडीचं माप) घट्ट विणलेलं नायलॉन हवं, मेश छाती, पाठ आणि हाताच्या आतल्या बाजूला. साधं पॉलिस्टर घर्षणाने लवकर वितळतं. खांद्याच्या आणि कोपराच्या शिवणी दुहेरी की तिहेरी ते उलटून बघा; बहुतेक कपडे आधी कापडात नाही, शिवणीत फाटतात.

लेबलवर ईएन १७०९२ (रायडिंगच्या कपड्यांचं युरोपीय मानक) असेल तर सोबत वर्ग असतो: ए, एए, एएए. एएए सर्वात टिकाऊ. मेशमध्ये बहुतेक ए मिळेल, एए मिळालं तर घ्या. बी वर्गात घर्षणाची चाचणी असते पण आघात झेलणारे पॅड नसतात, आणि सी म्हणजे नुसतं पॅड धरून ठेवणारं जाळीदार कापड. सी एकटं घालून रस्त्यावर जायचं नाही.

भरतीओहोटी

पॅडबद्दल मी लिहितो, कारण तिथे फसगत सर्वात जास्त होते.

'सीई आर्मर', म्हणजे युरोपीय खुणेचे पॅड, एवढ्या दोन शब्दांवर जाऊ नका. पॅड खिशातून बाहेर काढा आणि त्याच्यावर कोरलेलं वाचा. खांदे, कोपर, गुडघे, कंबर यांसाठी ईएन १६२१-१, पाठीसाठी ईएन १६२१-२. लेव्हल १ चा हातापायाचा पॅड सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल आत पोचू देतो, लेव्हल २ चा २० पर्यंत. पाठीला हेच आकडे १८ आणि ९. म्हणजे पाठीच्या पॅडमध्ये लेव्हल २ घेतलं की आत पोचणाऱ्या बलाची मर्यादा सरळ निम्मी. बऱ्याच जॅकेटांत खांद्या-कोपराला लेव्हल २ देतात आणि पाठीला नुसता स्पंजाचा तुकडा, ज्यावर काहीच कोरलेलं नसतं. तो संरक्षण नव्हे. पाठीचा पॅड वेगळा घ्या. जॅकेटच्या खिशाचं माप कागदावर उतरवून दुकानात न्या.

पॅडवर 'टी+' खूण आहे का तेही पाहा. ती असेल तर पॅड ४० अंशांवरही तपासलेला आहे. मऊ, लवचिक पॅड उष्णतेत आणखी मऊ होतात, आणि उन्हात उभ्या गाडीवर ठेवलेलं जॅकेट चांगलंच तापतं. आपल्याकडे ही खूण असलेली बरी.

मग माप. जॅकेट घालून गाडीवर बसा, हात हँडलवर, कोपर जेवढं वाकतं तेवढं वाकलेलं. दुसऱ्या हाताने कोपराचा पॅड धरून पिळा. पॅड हाडावरून सरकून बाजूला जात असेल तर रस्त्यावर आपटताना तो जागेवर नसेल, मग लेव्हल १ काय आणि २ काय. बाहीवर कोपराच्या वर-खाली आवळायचे पट्टे असतात, ते आवळून पुन्हा पिळून बघा. तरीही फिरला तर माप बदला. उभं राहून, हात खाली सोडून मापलेलं जॅकेट गाडीवर बसलं की मनगटापासून चांगलं पाच-सात सेंटीमीटर वर चढतं.

आंबोलीकर

मेशला सरसकट हो म्हणायला मी तयार नाही. कातळवाट यांना जुलैत आंबोली करायची आहे. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सावंतवाडीला गरम होतं आणि घाट चढून वर गेलं की धुकं, वारा, भिजलेलं अंग. डिसेंबरात पहाटे आंबा घाट किंवा गगनबावडा उतरतानाही मेशमधून वारा हाडात शिरतो. थर्मल आणि पावसाचं अस्तर आत लावता येईल असं तीन थरांचं जॅकेट एकदाच घेतलं तर दोन्ही भागतं.

दर्यावर्दी_६६

आंबोलीकर, थंडीबद्दल सहमत. पण आतल्या पावसाच्या अस्तराची अडचण बघा. सर आली की रस्त्याकडेला जॅकेट काढायचं, अस्तर जोडायचं, पुन्हा घालायचं. तोवर माणूस भिजतो. आणि अस्तर आत असल्याने बाहेरचं जॅकेट पाणी पितं. ते किलो-दोन किलो जड होतं, वाऱ्याने गार पडतं आणि आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी सकाळी ओलंच असतं. श्वास घेणाऱ्या महाग कापडाचाही इथे पूर्ण उपयोग होत नाही. आतली वाफ बाहेर ढकलायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत ती कुठून आणायची?

म्हणून मेश जॅकेटवरून चढणारा सैल रेनसूट. पाऊस सुरू झाला की वरून चढवा, थांबला की काढा. घाटात थंडी वाजली तर तोच रेनसूट वारा अडवतो, आत एक पातळ फुल बाह्यांचं बेसलेअर, म्हणजे अंगालगतचा कपडा, पुरतं. कोकणातली थंडी एवढ्यात भागते.

बेसलेअर पॉलिस्टरचं, सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, पॅडखाली घासतं आणि काखेत, मांडीत सालटं निघतात.

आंबोलीकर

पटलं. रेनसूट बाहेरूनच. माझा आक्षेप तेवढा डिसेंबरच्या पहाटेपुरता ठेवतो. तेव्हा मेशखाली एक थर कमीच पडतो, छातीवर वारा अडवणारं पातळ विंडचीटर घ्या.

टायरवाली

रेनसूटवर सविस्तर लिहिते.

तुकडे दोन असावेत, जॅकेट आणि पँट. लांब रेनकोट बाइकवर चालत नाही, वाऱ्याने फुगतो आणि मांड्या उघड्या पडतात. पाणी शिरायच्या जागा ठरलेल्या: गळा, पुढची झिप, पँटची बैठक, मनगट. गळ्याला मऊ अस्तर आणि आवळायची दोरी हवी. पुढच्या झिपवर एक नाही, दोन झडपा हव्यात, आणि आतली झडप उलटी दुमडलेली, म्हणजे झिपमधून आलेलं पाणी पन्हाळीसारखं खाली वाहून जातं. शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. ती सलग आहे का, चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे, म्हणजे पँटच्या बैठकीत, जास्तीचा गोल तुकडा आहे का, हे बघा. बैठकीत पाणी साचतं आणि वरून माणसाचं वजन दाबतं, म्हणून बहुतेक पँट तिथूनच गळतात.

घरी तपासायची पद्धत: पँट उलटी न करता बैठकीचा भाग बादलीसारखा धरा, आत दोन-तीन लिटर पाणी ओता, दहा मिनिटं थांबा. बाहेरून शिवणीवर थेंब उमटले तर दुकानात परत. नेण्याआधी नीट वाळवा म्हणजे झालं.

माप जॅकेटवरून घालूनच घ्यायचं, बहुतेकांना एक माप मोठं लागतं. पँटच्या पायाला गुडघ्यापर्यंत झिप हवी, नाहीतर रस्त्याकडेला बूट काढून चिखलात उभं राहावं लागतं. उजव्या पायाला आतून सायलेन्सरची धग लागते. तिथे उष्णता सोसणारा तुकडा शिवलेला नसेल तर पोटरीवर वेल्क्रोचा पट्टा आवळा. फडफडणारा पाय एकदा सायलेन्सरला टेकला की भोक पडलंच.

रंग पिवळा नाहीतर भडक केशरी, पाठीवर परावर्तक पट्टी. धुक्यात काळा रेनसूट मागच्या ट्रकला दिसत नाही.

हातमोजे: मेश जॅकेटसोबत आखूड मोजे पुरतात, पण तळव्याच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर कडक सरकपट्टी हवी. माणूस पडताना तळवा पुढे करतो, रबरी तळवा रस्त्याला धरतो आणि मनगट मोडतं. सरकपट्टी असली की हात घसरतो. लेबलवर ईएन १३५९४ आणि पुढे 'केपी' असेल तर बोटांच्या सांध्यांचं संरक्षणही तपासलेलं आहे. पावसात मोज्याची कड रेनसूटच्या बाहीच्या आत घाला. सरळ बसायच्या गाडीवर हात खांद्यापेक्षा खाली असतो, बाहीवरून ओघळणारं पाणी बाहेर असलेल्या मोज्यात उतरतं.

सड्यावरचा

बूट. इथे मी जरा आग्रहाने लिहिणार आहे.

कोकणातल्या रस्त्यावर माणूस वेगात कमी आणि हळू जाताना जास्त पडतो. वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, ती गोलसर असते आणि टायरखाली गोट्यांसारखी फिरते. आंबा-फणसाच्या सावलीतल्या रस्त्याला पावसाळ्यात कडेने शेवाळ धरतं, उन्हाळ्यात त्याच जागी पालापाचोळा. गाडी विशी-तिशीच्या वेगात खाली बसते आणि १४०-१५० किलोचं धूड घोट्यावर येतं. चप्पल, फ्लोटर, कापडी बूट यांत घोटा उघडा. म्हणून घोट्यावर दोन्ही बाजूंनी कडक चकती असलेले, घोट्याच्या वर जाणारे रायडिंग शूज तरी हवेतच. ईएन १३६३४ च्या लेबलवर चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २: उंची, घासणं, कापणं, आणि आडवं दाबल्यावर किती चेपतात. या रस्त्यांवर चौथा आकडा महत्त्वाचा, तो २ असावा. 'आयपीए' लिहिलं असेल तर घोट्याच्या संरक्षणाची चाचणी झालेली आहे.

गमबूट पाय कोरडे ठेवतो, यात शंका नाही. पण घोटा चेपण्यापासून तो काहीच वाचवत नाही, पायात ढिला असतो, आणि पीव्हीसीचा तळ ओल्या चिऱ्यावर, शेवाळावर सटकतो. गाडी पेलताना नेमका तोच पाय जातो. वाडीतल्या वाडीत ठीक, टूरला नको.

वॉटरप्रूफ बूट की साधे? मी साधे, लवकर वाळणारे सांगेन. वॉटरप्रूफ बुटात वरून एकदा पाणी गेलं की ते बाहेर येत नाही, आणि जुलैत दोन दिवस वाळत नाही. पँट बुटाच्या बाहेर ठेवा, मोज्यांच्या तीन जोड्या घ्या, रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासा-दोन तासांनी बदला. चुलीजवळ ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो. बुटावरून चढवायची प्लास्टिकची कव्हरं मिळतात, त्यांचा तळ निसरडा असतो आणि गियरच्या दांडीला घासून एका दिवसात फाटतात.

गुडघ्यांना पट्ट्याचे नीगार्ड घेणार असाल तर त्याला तीन पट्टे हवेत, दोन पट्ट्यांचे उतरतात. मधला पट्टा गुडघ्याच्या मागे आडवा जात असेल तर तासाभरात टोचतो, तो वर किंवा खाली असावा. पैसे असतील तेव्हा कमरेला पॅड असलेली मेश पँट घ्या.

टायरवाली

मागे बसणारीबद्दल अजून कोणी लिहिलं नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, चार वर्षांवरच्या मुलांनाही. दंड हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स अपात्र. पण दंडासाठी नाही, तिच्यासाठी घ्या: मागच्या माणसाला खड्डा दिसत नाही, ब्रेक कळत नाही, आणि धरायला नीट काही नसतं. दोघांचं गियर एकाच दर्जाचं हवं. चालवणाऱ्याला लेव्हल २ आणि मागचीला जुनं हेल्मेट अन् सुती शर्ट, असं करू नका.

बायकांच्या जॅकेटचं माप कमरेला आणि नितंबाला अडतं. पुरुषांचं लहान माप घेतलं तर खांदे ओघळतात, पॅड दंडावर येतो. बायकांच्या कटाचं घ्या, कडेला झिपेने रुंद होणारी कळी असलेलं. बसल्यावर मागून जॅकेट वर चढून पाठ उघडी पडत नाही ना, ते मागच्या सीटवर बसून बघा.

ओढणी, साडीचा पदर, लांब कुर्ता टूरवर नकोच. ओढणी चाकात किंवा चेनमध्ये गेली की गळ्याला फास बसतो. मागच्या चाकाची जाळी सॅडलबॅग बसवायला बरेच जण काढतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागच्याला धरायची मूठ, पाय ठेवायला जागा आणि चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, तिन्ही मागतो. जाळी ठेवून बॅग बसेल असं मोजमाप करा.

दर्यावर्दी_६६

सामान. आधी वजन. गाडीच्या पुस्तिकेत एकूण कमाल वजन आणि गाडीचं स्वतःचं वजन दिलेलं असतं, त्यांची वजाबाकी म्हणजे माणसं धरून किती लादायचं ते. समजा वजाबाकी १५० आली आणि तुम्ही दोघं गियरसकट १३५. उरले १५ किलो. त्यात बॅग, पाणी, हत्यारं सगळं. मागच्या टायरची हवा दोघांसाठी जी लिहिली आहे ती थंड टायरमध्ये भरा.

गुंडाळून बंद करायची ३० ते ४० लिटरची ड्रायबॅग कोकणासाठी सर्वात सोयीची. तोंड तीन-चार वेळा गुंडाळलं तरच पाणी अडतं, काठोकाठ भरली तर गुंडाळायला जागा उरत नाही. बॅगेवरून घालायचं रेनकव्हर वाऱ्याने फाटतं आणि खाली पाण्याचं तळं धरतं.

हुकवाली रबरी दोरी वापरू नका. खड्ड्यात बॅग उसळली की रबर ताणतं, हुक सुटतो, आणि सुटलेली दोरी मागच्या चाकात जाते. २५ मिलिमीटर रुंदीचे बक्कलवाले पट्टे घ्या, चार ठिकाणी बांधा, दोन आडवे आणि दोन पुढे ओढणारे. उरलेलं टोक गुंडाळून खोचा. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा, सामान तेवढ्यात बसलेलं असतं. बाजूच्या बॅगा सायलेन्सरपासून चार बोटं तरी लांब, आणि मागून इंडिकेटर दिसतोय ना बघा.

पंक्चरचं सामान: भोक साफ करायचा कानस, सुई, पाच-सहा पट्ट्या, पायपंप. रेनसूट नेहमी सर्वात वर, वेगळ्या पिशवीत.

कातळवाट

फार उपयोगी. जेट्टीवर गाडी चढवताना-उतरवताना काय काळजी घ्यावी? आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, चार ठिकाणी तरी चढ-उतार आहे. आणि पैशांची वाटणी कोणी सुचवेल का?

आंबोलीकर

जेट्टीचा उतार ओहोटीला जास्त उघडा पडतो आणि भरतीच्या रेषेखालचा भाग हिरवट बुळबुळीत असतो. मागचीने आधी उतरून चालत जावं. पहिला गियर, गाडी सरळ, पुढचा ब्रेक अजिबात नाही, मागच्या ब्रेकवर पाय. बोटीचा लोखंडी फळा आणि उतार यांच्या सांध्याला चाक काटकोनात न्या, तिरकं गेलं की सटकतं. वर गेल्यावर पहिल्या गियरमध्ये साइडस्टँडवर लावा, पुढच्या ब्रेकची दांडी रबरबँडने मुठीला बांधून ठेवा आणि गाडीजवळच थांबा. हेल्मेट डोक्यावर किंवा हातात, टाकीवर नाही.

खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडालेच तर मुक्कामी गोड्या पाण्याने गाडी धुवा, चेन पुसून वंगण द्या. बूट आणि जॅकेटच्या झिपाही धुवा. धातूच्या झिपा खाऱ्या वाऱ्यात एका मोसमात अडकू लागतात. घेतानाच जाड दातांच्या प्लास्टिक झिपांचं जॅकेट बघा. अडकणाऱ्या झिपवर मेणबत्ती घासली की सुरळीत चालते.

भरतीओहोटी

४५ हजारांची वाटणी मी अशी करेन: दोन हेल्मेटं ९ हजार, दोन मेश जॅकेटं १४, पाठीचे पॅड धरून, दोन बूटजोड ९, रेनसूट ४, हातमोजे ३,६००, नीगार्ड ३,६००. झाले ४३,२००. उरलेल्या अठराशेत ड्रायबॅग आणि पट्टे. पैसे कमी पडले तर रेनसूटमध्ये कपात करा, हेल्मेट आणि बुटात नाही.

हे सामान टिकवायचं तर पावसाळ्यात बंद कपाटात ठेवू नका, आठवड्यात बुरशी येते. कातडी बूट-मोजे असतील तर बुरशी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग करून पुसा, सावलीत वाळवा, मग चामड्याचं मेण. जॅकेट धुताना पॅड काढा आणि डावा-उजवा खुणेने लिहून ठेवा. कोमट पाणी, पातळ साबण, पिळायचं नाही, पंख्याखाली वाळवायचं. हेल्मेटचं अस्तर बेबी शाम्पूने.

कातळवाट

जॅकेट घ्यायला या शनिवारी जाणार आहोत. एक शेवटचं: पाठीचा पॅड किती खाली यावा?

भरतीओहोटी

वरून मानेच्या तळाशी जो मणका हाताला लागतो त्याच्या जरा खाली सुरू व्हावा, खाली कमरेच्या पट्ट्यापर्यंत. पण पुढे वाकून बसल्यावर वरची कड हेल्मेटच्या मागच्या कडेला लागता कामा नये. दुकानात हेल्मेट घेऊन जा आणि दोन्ही घालून, मान वर करून बघा. लागत असेल तर एक माप आखूड पॅड घ्या.